हाक्याला खायला घालू नये

आमच्या घरात नवी सून आली की तिला एक गोष्ट मीच सांगतो. चहापत्ती कुठे, मसाल्याचे डबे कुठे, ते बाकीचे सांगतील. मी एवढंच सांगतो, की मासळी धुतलेलं पाणी फाटकाजवळच्या झुडपांना घालायचं नाही. मोरीत ओत, शेजारच्या खजुरीला घाल, पण त्या झुडपांना नाही. धाकटी सून मुंब्र्याची, शिकलेली. ती हसली. म्हणाली, "बाबा, ते तर खतच ना? उलट झाडं फोफावतील." मी म्हटलं, "तुझ्या आजेसासूचंही हेच म्हणणं होतं." मग तिला समोर बसवून सगळं सांगितलं. ती म्हणाली, लिहून ठेवा. म्हणून लिहितो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. त्या चौथीतलेही निम्मे दिवस मी खाडीवरच असायचो. माझ्या ऱ्हस्व-दीर्घाला कोणाला हसायचं असेल तर खुशाल हसा, पण आधी माझ्यासारखं एक झुडूप इथे बहारीनला, बुसैतीनच्या मातीत जगवून दाखवा आणि मग हसा.

बाबा सुतार होते. आमचं गाव बाणकोटच्या खाडीच्या काठावर, तिथे ते होड्या बांधायचे. मग इथे बहारीनला येऊन मुहर्रकच्या काठाला मोठी लाकडी गलबतं बांधायला लागले आणि ते काम बसलं तसे लोकांच्या घरांचे दरवाजे, खिडक्या, कपाटं करायला लागले. मला मिसरूड फुटायच्या आधी त्यांनी मला बोलावून घेतलं, रंधा हातात दिला आणि म्हणाले, "आता हीच तुझी शाळा." ती शाळा मला मानवली. पुढे त्यांनी हिंमत करून मांला आणलं. त्या काळी आमच्याकडचे बापये असे बायकोला आणायचे नाहीत. एका खोलीत सात-आठ जण राहायचे, आळीपाळीने डाळ-भात शिजवायचे आणि दोन वर्षांनी रजेवर गावी जायचे. बाबांना ते जिणं नकोसं झालं होतं. मलाही. बुसैतीनला दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणाच्या कोपऱ्यात पत्र्याखाली स्वयंपाकघर असं एक घर भाड्याने मिळालं. त्या अंगणाचं मला फार कौतुक. मांला दाखवताना मी म्हटलं, "बघ मां, केवढं अंगण!" तिने पायाने माती उकरली. खाली पांढरी वाळू आणि शिंपल्यांचा चुरा. चालताना कुरकुर वाजायची. मां म्हणाली, "हे अंगण नाय रे, हे सुकलेलं मिठागर हाय."

त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. सकाळी गोड्या पाण्याची गाडी यायची आणि तिचा माणूस ओरडायचा, "माय हिलू! माय हिलू!" नळाला येणारं पाणी मचूळ, त्याने भांडी घासायची, अंग धुवायचं. प्यायचं ते गाडीवाल्याकडून घ्यायचं. मग दुपारी मांचा सुरा चालायचा. बाबा मुहर्रकच्या बाजारातून कधी हामूर, कधी शारी, नशीब असेल तर सुरमई आणायचे आणि मां पाटावर बसून खवले काढायची, खर्र खर्र. भिंतीपलीकडे शेजारीण उम्म सालेमच्या शेळ्या ओरडायच्या. आणि या सगळ्यावरून विमानं जायची. विमानतळ जवळच, त्यामुळे विमान घरावरून गेलं की पत्रा थरथरायचा. प्रत्येक वेळी मां हातातलं काम थांबवून वर बघायची. विचारायची, "हे येतंय का जातंय?" मी म्हणायचो, "येतंय." ती म्हणायची, "खोटं बोलू नको. जातंय. पोट दिसलं त्याचं." सुटलेलं विमान नाक वर करून जातं, तेव्हा त्याचं पोट दिसतं.

मां येताना परतीचं तिकीट घेऊनच आली होती. ते तिच्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या तळाशी. बाबांशी तिचा करारच होता. करमलं तर राहीन, नाही करमलं तर येणारी थंडी सरायच्या आत जाईन. आणि ती गेली तर आमचं घर म्हणजे पुन्हा सात-आठ बापयांची खोली, हे मला न सांगता कळत होतं. पेटीत तिने आणखीही काय काय आणलं होतं. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या अबोलीच्या काड्या, मोगऱ्याचं एक मूळ, कढीपत्त्याचं रोप, आंब्याची कोय. सगळं तिने अंगणात लावलं, एका ओळीत, गावच्या परसासारखं. मचूळ पाण्याने अबोली आधी गेली. मग मोगरा. कढीपत्त्याला तिने आपल्या वाट्याचं गोडं पाणी घालून पाहिलं, स्वतः कमी प्यायली, तरी तो उन्हाच्या पहिल्या तडाख्याला गेला. कोय तर उगवलीच नाही. त्या दिवशी ती बाबांना म्हणाली, "जिथे झाड जगत नाय तिथे माणसाने कशाला जगायचं?" बाबा हुशार, रंध्याला धार लावत बसले. पण मला राग आला. मी म्हटलं, "मी जगवून दाखवतो." मां म्हणाली, "तू? तुना रंधा तरी नीट धरता येतो?" मी त्या वेळीही असाच होतो. एकदा म्हटलं की म्हटलं.

अदलियामध्ये एका ऑस्ट्रेलियन बाईच्या घराच्या खिडक्या बसवायचं काम बाबांनी घेतलं होतं. नवरा विमान कंपनीत. बाईचं नाव जून. बाबा तिला मडम म्हणायचे, मीही म्हणायचो. आजूबाजूच्या बंगल्यांत हिरवळ होती, दिवसरात्र पाणी पिणारी. मडमच्या बागेत गवताचं पातं नव्हतं. नुसती झुडपं. काही राखेच्या रंगाची, काही सुयांसारख्या पानांची, काही चामड्यासारख्या जाड पानांची. मला वाटलं, बाई गावाला गेली असेल आणि सगळं वाळून गेलं असेल. जवळ जाऊन पान मोडलं तर आत ओलं! जिवंत! उन्हाने रस्त्याचं डांबर पाघळत होतं आणि ही झुडपं मजेत उभी. मी मोडक्या इंग्रजीत आणि हाताने विचारलं, पाणी किती? तिने दोन बोटांत चिमूट दाखवली. खत? तिने हात झटकला, "मफी." अरबीतले जे चार शब्द तिला येत होते त्यातला तो एक. नाही. काहीच नाही. बाबांना कामापुरती इंग्रजी यायची, मग त्यांच्याकडून समजून घेतलं. तिच्या देशात मैलच्या मैल वाळू, मिठाची डबकी, महिनोन् महिने पाऊस नाही, आणि तिथे हीच झुडपं. काम संपलं त्या दिवशी तिने मला दुधाच्या पावडरीच्या तीन डब्यांत तीन रोपं दिली. एक राखेच्या रंगाचं, दोन चामड्यासारख्या पानांची. त्या दोघांचं नाव हाकिया.

मां रोपांकडे बघून म्हणाली, "काय आणलंस? झाडू?" बाबा हसले. मी खड्डे खणले. पण मां शेतकऱ्याच्या घरची. रोप बघितलं की तिचा हात गप्प बसायचा नाही. तिने त्या राखाडी झुडपाचं एक पान तोडलं, हुंगलं आणि दाताखाली धरलं. क्षणभर थांबली. मग आणखी एक तोडलं. "अरे, ही तर आमची मोरस!" मोरस म्हणजे खाडीच्या काठाला उगवणारी खारट भाजी, आमच्याकडे ती उकळून, पाणी काढून टाकून सुकटीबरोबर करतात, मीठ न घालता. ती ही नव्हती, पण चुलत बहीण तरी असणार. मला त्याचं इंग्रजी नाव नंतर कळलं, त्या नावात म्हातारा आहे, म्हातारं खारझुडूप म्हणतात त्याला तिकडे. आता मीच म्हातारा झालो, तेव्हा त्या नावाचं मला वावगं वाटत नाही. झुडूप वाढल्यावर मांने त्याची कोवळी पानं खुडून उकळली, कांदा-लसूण घालून सुकी कोलंबी परतली आणि तांदळाच्या भाकरीबरोबर आमच्यापुढे ठेवली. बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला आणि डोळे मिटले. मांने ताट पुसून खाल्लं. बहारीनमध्ये आल्यापासून मी तिला असं जेवताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, जिंकलो.

पण तिचा जीव जडला तो खारझुडपावर नाही, हाकियांवर. ती त्यांना हाक्या म्हणायची. मोठा हाक्या, धाकटा हाक्या. खारझुडूप आपलं आपण वाढत होतं, ते कोणाला विचारत नव्हतं. हाक्यांना मात्र दिवसातून चारदा बघावं लागायचं, कारण ते वाढतायत का नाही हेच कळत नसे. मी कामावरून आलो की ती सांगायची, "धाकट्याला नवं पान फुटलं." किंवा, "मोठा आज जरा रुसलाय." विमान गेलं तर अजूनही वर बघायची, पण येतंय का जातंय हे विचारणं कमी झालं होतं. थोड्या दिवसांनी दोन्ही हाक्यांची पानं गडद हिरवी झाली, अंगावर तेज आलं. मां खूश. आणि मग पानांच्या कडा पिवळ्या पडायला लागल्या. पिवळ्याच्या तपकिरी झाल्या. पानं टोकाकडून जळत आत यायला लागली. मी मचूळ पाण्याला दोष दिला. उम्म सालेमच्या शेळ्यांना दोष दिला, भिंतीवरून भांडलोही. मां फक्त झाडांपाशी जास्त वेळ बसायची. धाकटा आधी गेला, मग मोठा. हात लावला तर काटक्या मोडल्या.

मी अदलियाला गेलो आणि मडमला घेऊन आलो. ती स्वतः गाडी चालवत आली, टोपी घालून अंगणात गुडघ्यांवर बसली आणि मेलेल्या हाक्याच्या बुडाशी बोटाने माती उकरायला लागली. उकरता उकरता थांबली. मातीतून तिने एक माशाचं डोकं काढलं. हामूरचं. डोळ्यांच्या जागी भोकं, जबडा उघडा. मग दुसरं. मग काट्यांचा झुबका. तिने नाकाला फडकं लावलं आणि म्हणाली, "नो, नो, नो." मांने पदर डोक्यावर ओढला. आमच्याकडे नारळाला, आंब्याला मासळीचंच खत. माशाची डोकी, आतडी बुंध्याशी पुरायची, मासळी धुतलेलं पाणी रोज घालायचं. ज्या झाडावर जीव असतो त्याला घरचं सगळ्यात चांगलं. मांने रोज दुपारी, मी घरी नसताना, तेच केलं होतं. तीन-तीन तोंडांची मासळी यायची, तिचं पाणी आणि डोकी सगळी दोन हाक्यांना.

मडम हळूहळू बोलली आणि बाबा सांगत गेले. तिकडची माती इतकी गरीब, की या झाडांनी शतकानुशतकं उपाशी राहायची सवय केली. मातीत जे काही कणभर असेल ते ही मुळं चाटून-पुसून ओढून घेतात. त्यांना थांबता येत नाही. म्हणून भरपूर दिलं की तेही सगळं ओढतात आणि त्यानेच मरतात. मांने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे खायला घातलं म्हणून मेलं?" बाबा म्हणाले, "हां." "असलं झाड कुठल्या मुलखाचं, जे आईच्या हाताने मरतं?" हे बाबांनी मडमला सांगितलं नाही. मांने सुरा धुतला, पाट उभा केला आणि आत जाऊन पेटी ओढून दाराजवळ आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी तिला काथ्याच्या दोरीने बांधूनही टाकली. मी विचारलं तर म्हणाली, "माझ्या हाताला या मातीत बरकत नाय, दाऊद. जे मना येतं त्यानेच इथलं मरतं. मग मी इथे काय करू?" बाबांनी एजंटकडे जाऊन तिकिटाची तारीख घातली. पण त्या दिवशी त्यांनी एक दरवाजा उलटा बसवला, आतली बाजू बाहेर, आणि तीस वर्षांत त्यांचं असं कधी झालं नव्हतं.

माझी नात इथल्या इंग्रजी शाळेत शिकते. मी मराठीत बोलतो, तिला सगळं कळतं, ती उत्तर इंग्रजीत देते, आमचं छान चालतं. तिला हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, आजोबा, तुम्ही दुसरी रोपं विकत का नाही आणली? आता ठीक आहे, आता जुफैरच्या बिल्डिंगांखालीसुद्धा ऑस्ट्रेलियन झुडपं लावतात, नर्सरीत जा आणि कार्ड दाखवा. तेव्हा मडमकडचीही रोपं संपली होती. माझ्या हट्टापायी मी तिच्याकडे पुन्हा गेलो, तर तिने मला हाकियाच्या मूठभर लाकडी गाठी दिल्या. सुपारीएवढ्या, दगडासारख्या कडक, एका बाजूला चोचीसारखं टोक. म्हणाली, बिया यात आहेत. मी म्हटलं, फोडू? म्हणाली, नाही. आणि तिने खिशातून लायटर काढून पेटवून दाखवला. मला वाटलं, बाई चेष्टा करते.

तिने हातवारे करून समजावलेलं मी घरी येऊन बाबांना सांगितलं. मडमच्या मुलखात वणवा लागतो. सगळं रान जळतं. त्या आगीच्या धगीने या गाठी उघडतात, राखेत बी पडतं आणि जळक्या जमिनीवर नवं झुडूप येतं. आग लागली नाही तर गाठ वर्षानुवर्षं मिटलेलीच. बाबा म्हणाले, "बियाणं भाजायचं आणि मग पेरायचं? मग हरभऱ्याचे फुटाणे पेर, ते पण उगवतील." तेवढ्यात आतून मांचा आवाज आला.

"राब भाजायचा, असं म्हणते ती?"

ती दारात उभी होती, पेटीच्या शेजारी. ज्यांना शेती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे भाताचं बी पेरण्याआधी, उन्हाळ्यात, रोपाच्या जागेवर टहाळ, पातेरा, गवत, शेण असे थर रचतात, वर माती टाकतात आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवतात. हळूहळू धुमसत जमीन भाजून निघते. त्याला राब म्हणतात. आमच्या घरी राब भाजायचं काम मांचं होतं. तिच्यासारखा राब गावात कोणाला रचता येत नसे, लोक बोलवायला यायचे.

बाबा म्हणाले, "इथे? भाड्याच्या अंगणात? धूर बघून शुर्ता येईल, पोलीस. मालक घराबाहेर काढेल."

मां म्हणाली, "काढू दे. मी तशी पण चाललेय."

बाबा म्हणाले, "आणि आम्ही दोघं?"

"तुमी दोघं रस्त्यावर ऱ्हा आणि दरवाजे उलटे बसवा."

बाबांना हसू आवरेना. आमच्या घरात कित्येक दिवसांत पहिल्यांदा कोणी हसलं. पण मालकाला विचारायला तेच गेले. मालक भला माणूस. फाटकाजवळ, पण भिंतीपासून लांब, आणि पाण्याच्या बादल्या भरून ठेवून, असं म्हणाला. उम्म सालेमने आपल्या खजुरीच्या वाळलेल्या झावळ्या दिल्या, माझ्याशी भांडण झालेलं असूनही दिल्या. वर पोतंभर लेंड्याही दिल्या. मी लेंड्या राबावर पसरायला गेलो तर मांने माझा हात धरला. गावी राबात शेण नसेल तर तो राबच नव्हे. ती लेंड्यांकडे बघत राहिली. तिचा हात, मला दिसत होतं, उचलून टाकायला शिवशिवत होता. मग म्हणाली, "नको. उपाशी पोर हाय हे. याला उपाशीच ठेवू." आणि पोतं नेऊन तिने उम्म सालेमच्या खजुरीच्या बुंध्याशी ओतलं.

तिसऱ्या प्रहरची, असरची नमाज झाली, वारा पडला, आणि मांने पदर खोचला. झावळ्यांचे थर तिने असे लावले की बाबांसारखा सुतारही बघत राहिला. वर वाळू पसरली, वाऱ्याची बाजू बोट ओलं करून तपासली आणि पलीकडून काडी लावली. आधी नुसता धूर. पांढरा, दाट, खजुरीच्या वासाचा. भिंतीपलीकडून किंकाळी आली, "उम्म दाऊद! नार! नार!" दाऊदच्या आई, आग, आग. मां इकडून ओरडली, "मफी मुश्किल! मफी मुश्किल!" उम्म सालेम अबायाचं टोक धरून धावत आली, आग बघितली, बादल्या बघितल्या, मांचा चेहरा बघितला, आणि काय वाटलं कोण जाणे, घरी जाऊन गहव्याची, अरबी कॉफीची, किटली घेऊन आली. दोघी पायरीवर बसल्या. एकीला दुसरीची भाषा येत नाही, तरी दोघी राबावर नजर ठेवून होत्या. मां मधेच उठून काठीने कड सारखी करायची, उम्म सालेम "यल्ला, यल्ला" म्हणायची, चल, चल. निखारे राखेखाली गेल्यावर मांने त्यांच्यावर जुना तवा ठेवला आणि तव्यावर त्या गाठी. जळतील म्हणून मी घाबरलो. मां म्हणाली, "पापड भाजताना मी कधी विचारते का तुना?" गाठींना पुरेशी धग लागल्यावर तिने त्या उचलून सुपात टाकल्या आणि सूप खिडकीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही न्याहारीला बसलो होतो. खिडकीतून आवाज आला. टक. आम्ही तिघंही चहाचे कप धरून थांबलो. पुन्हा, टक. मां सुपाकडे गेली. एक गाठ मधोमध उभी चिरली होती, पोपटाने चोच उघडावी तशी, आणि आत दोन काळ्या बिया, प्रत्येकीला कागदासारखा पंख. दोनच, एकीला एक चिकटून. "जुळी," मां म्हणाली. दिवसभर त्या गाठी एकेक करून बोलत राहिल्या. बाबा त्या दिवशी कामावर उशिरा गेले. कारण विचारलं नाही, पण ते खिडकीपाशीच चपला शोधत होते.

राब गार झाल्यावर मांने बिया पेरल्या. आणि मग काहीही करायचं नव्हतं, हेच सगळ्यात अवघड. रोज थोडं गोडं पाणी शिंपडायचं, बस. मासळी धुतली की ती परात उचलून अंगणात यायची, राबाच्या जागेपाशी थांबायची, आणि मग पाय ओढत खजुरीकडे जायची. तांदळाचं धुवणसुद्धा तिने तिथे पडू दिलं नाही. बाबा टोमणे मारायचे, "एक सुरमईचं डोकं पुर ना, पोरं जाडी होतील." ती म्हणायची, "तुमचं डोकं पुरते." दिवस जात होते. काही उगवलं नाही. पेटी दाराजवळ तशीच, दोरीला गाठ तशीच. तारीख जवळ आली. मांने शेजारणीला निरोपाची खीर दिली. उम्म सालेमने खीर घेतली आणि रडली. मी मात्र मांशी बोलणं सोडलं होतं. रागाने नव्हे. तोंड उघडलं तर राहा म्हणून बसेन, आणि मागून मिळालेलं मला कधीच नको असतं.

जायच्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून मां ओरडली, "माझी चाळण कुठे? पिठाची चाळण कोणी घेतली?" बाबा दाढी करत होते. मां अंगणात आली. चाळण राबाच्या जागेवर उपडी घातलेली. "कोणाची अक्कल ही? मातीत? आज जाताना तरी मना नीट भाकऱ्या करून—" असं म्हणत तिने चाळण उचलली आणि तिथेच उकिडवी बसली. खाली एक अंकुर होता. दोन जाड पानं, मधे नखाएवढी हिरवी सुई, एका पानाच्या टोकाला बीची काळी टोपी अजून अडकलेली. बुलबुलांनी खुडू नये म्हणून बाबांनी पहाटे त्याच्यावर चाळण ठेवली होती आणि कोणाला काही न सांगता दाढीला बसले होते. अर्ध्या गालावर साबण तसाच. मां त्यांच्याकडे बघून म्हणाली, "मना उठवलं का नाय?" बाबा म्हणाले, "तू चाललीयस ना. म्हटलं, कशाला त्रास द्या."

मांने अंकुरापुढची वाळू बोटाने सारखी केली. शेजारी वाळू उचललेली होती, तिथून दुसरा येत होता. मग ती उठली, घरात गेली. मी दारात उभा होतो. तिने पेटीवर वाकून दोरीची गाठ सोडायला घेतली. काथ्याची गाठ, तिनेच आवळलेली, सुटेना. तिने दाताने ओढली. दोरी मोकळी करून हातावर गुंडाळत ती बाहेर आली.

"चटई आण," मला म्हणाली. "ती जुनी, फाटकी. दुपारच्या उन्हात कोवळ्या पोराला सावली लागते. चार काठ्या रोव आणि वरून बांधू."

मी म्हटलं, "मां, विमान?"

"कोणाचं विमान?"

मी चटई आणली, बाबांनी काठ्या रोवल्या, अर्धा गाल तसाच. मां एकेक कोपरा त्या दोरीने बांधत गेली, गाठ मारून वर आणखी एक गाठ, सोडायची वेळ येणार नाही अशी. तेवढ्यात पत्रा थरथरला. घरावरून विमान गेलं, इतकं खालून की चटई फडफडली. मांने फडफडणारा कोपरा हाताने दाबून धरला आणि दाताने दोरी ओढली.

वर मी पाहिलं. पोट दिसलं त्याचं. जात होतं.